‘ऑबिटर’ म्हणजे हुकूम नव्हे

कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झालं आणि सोलापूरच्या पक्षकाराची सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधली रात्र वाचली. उच्च न्यायालय जवळ आलं, तशी टपरीवरची चर्चाही जवळ आली: ‘कोर्टानं झापलं की बे त्यांना!’ झापलं, हे खरं असेल. पण कुठं? सुनावणीत बोलताना की निकालपत्रात लिहून?

वकील मंडळी निकालाचे दोन भाग करतात. ज्या कारणावर निकाल उभा असतो, तो ‘रेशो’. तो खालच्या न्यायालयांना बांधून ठेवतो. ओघात आलेलं, निकालाला आवश्यक नसलेलं भाष्य म्हणजे ‘ऑबिटर’. ते सर्वोच्च न्यायालयाचं असेल तर उच्च न्यायालयं सहसा त्याचा मान राखतात, पण ‘रेशो’ची ताकद त्याला नाही. सुनावणीत न्यायमूर्ती जे बोलतात, ते तर ‘ऑबिटर’ही नव्हे. वकिलाचा मुद्दा किती टिकतो, हे चाचपण्यासाठीही ते बोलतात.

लेखी शेऱ्याची सर्वांत रंगतदार गोष्ट अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांची. माणूस उर्दू शायर. 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेला, पुढे लखनौमधून अपक्ष खासदार झालेला. एका निकालात त्यांनी लिहिलं की, गुन्ह्यांच्या बाबतीत देशातली एकही बेकायदा टोळी पोलीस दलाच्या जवळपास फिरकत नाही. उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1963 मध्ये तो शेरा वगळला गेला आणि अशा शेऱ्यांसाठी तीन कसोट्या ठरल्या: ज्याच्यावर शेरा मारला त्याला बाजू मांडायची संधी होती का, शेऱ्याला पुरावा आहे का, आणि निकालासाठी तो गरजेचा होता का. गंमत पाहा, मूळ खटला कशाचा होता हे फारसं कुणाला सांगता येत नाही. वगळलेला शेरा मात्र आजही उद्धृत होतो.

तोंडी बोलण्याचा प्रश्न 2021 मध्ये ऐरणीवर आला. कोरोनाच्या लाटेतल्या प्रचारसभांवरून, निवडणूक आयोगावर बहुधा खुनाचाच गुन्हा दाखल व्हायला हवा, असं मद्रास उच्च न्यायालय सुनावणीत म्हणालं. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांनी 6 मे रोजी सांगितलं: शब्द कठोर होते, पण ते आदेशात नाहीतच, मग वगळायचं काय? माध्यमांना मात्र सुनावणीचं वार्तांकन करण्यापासून रोखता येणार नाही.

निकाल योग्यच. कोर्टात काय बोललं जातं ते लोकांना कळलंच पाहिजे. न्यायमूर्तींच्या एका खोचक प्रश्नानं झोपलेली यंत्रणा खडबडून जागी होते, हेही नाकारता येत नाही. आक्षेप आहे तो आमच्या मथळ्यांवर. ‘फटकारले’, ‘खडसावले’, ‘ताशेरे ओढले’ ही क्रियापदं आम्ही तोंडी प्रश्नालाही लावतो आणि लेखी निकालालाही. ज्याच्यावर ताशेरे, तो वाचकाच्या लेखी दोषी ठरून मोकळा होतो; आदेशात त्याच्याविरुद्ध एक अक्षर नसलं तरी.

बातमीत ‘तोंडी’ हा एक शब्द घालावा आणि आदेशात प्रत्यक्ष काय आहे, ते पुढच्याच वाक्यात सांगावं. तेवढी जागा आमच्या पानांवर नक्की निघते.