मधुमेही माणसाचे शिक्षण

बोस्टनचे विख्यात डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी १९१८ साली, डॉक्टर आणि रोगी या उभयतांनी मिळून वापरावे असे मधुमेहावरील एक पुस्तक सिद्ध केले, तेव्हा इन्सुलिनचा शोध लागावयास अद्याप तीन वर्षे होती आणि कडक आहारनियमनावाचून इलाज नव्हता. परंतु रोग्यास त्याच्या रोगाचे शिक्षण देणे हे उपचाराचेच अंग होय, हा त्यांचा आग्रह इन्सुलिन हाती आल्यावरही कमी झाला नाही, आणि आज औषधे मुबलक झाली असताना तो मला तितकाच यथार्थ वाटतो.

कारण या रोगाचा दैनंदिन कारभार मुख्यतः रोग्याच्याच हाती असतो. विषमज्वराचा रोगी काही दिवस वैद्याच्या हुकमाबरहुकूम औषध घेऊन मोकळा होतो. मधुमेही मात्र वर्षाकाठी चार-दोन वेळा डॉक्टरांसमोर बसतो, आणि ताटात काय वाढून घ्यावे, गोळी जेवणाआधी की नंतर, तळपायाला जखम दिसली तर वाट पाहावी की तडक दवाखाना गाठावा, हे उरलेल्या सर्व दिवसांचे निर्णय त्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच करावयाचे असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर आहे.

शालेय विद्वत्ता येथे पुरी पडत नाही. चांगले पदवीधर गृहस्थही तपासणीआधी दोन दिवस गोड वर्ज्य करतात आणि उपाशीपोटीची साखर उतरलेली पाहून समाधान पावतात. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते आणि त्या अवधीत तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर एचबीए१सी ही चाचणी मोजते. म्हणून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी तीत उतरते आणि दोन दिवसांचे पथ्य तेथे रुजू होत नाही. बहुतेक प्रौढांत हा आकडा ७ टक्क्यांच्या आत असावा असे मानतात. वयोवृद्धांसाठी डॉक्टर ही मर्यादा सैल करतात.

अज्ञानाची खरी जोखीम इन्सुलिनच्या बाबतीत दिसते. आपल्याकडे दर मिलीलिटरात ४० एकके असलेल्या कुप्या सर्रास मिळतात आणि १०० एककांचे इन्सुलिनही मिळते. पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते, दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची. शंभराचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर शरीरात २० ऐवजी ५० एकके जातात, म्हणजे मात्रा अडीचपट होते, आणि ती प्राणावर बेतू शकते. कुपीवरील आकडा आणि टोपणाचा रंग यांची रुजवात घालून पाहणे निरक्षर आजीबाईंनाही शिकविता येते. परंतु ते कोणी तरी बसून शिकवावे लागते, आणि औषधांच्या दुकानातील गर्दीत ते होत नाही.

उपवासांचेही तसेच आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यास आपण हलके खाल्ले असे वाटते, पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्टमय असल्याने साखर झपाट्याने चढते; उलट काहींच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना पोट रिकामे राहिले, तर साखर ७० च्या खाली घसरून घाम, कंप, धडधड आणि भ्रम यांचा प्रादुर्भाव होतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा देऊ नये, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की दिलेली सूचना रोग्यास उमगली की नाही हे डॉक्टर क्वचितच पडताळून पाहत. पण ज्यांचे डॉक्टर तसे पाहत, त्यांची साखर अधिक आटोक्यात होती. तेव्हा पुढच्या खेपेस खुर्चीवरून उठण्यापूर्वी, ‘डॉक्टर, मला समजले ते असे’, म्हणून औषधाची मात्रा, वेळ आणि पथ्य आपल्या शब्दांत सांगावे व चुकल्यास तेथेच दुरुस्त करून घ्यावे. आणि बाहेर कितीही रोगी खोळंबले असले तरी डॉक्टरांनी एवढ्या दोन मिनिटांची तजवीज अवश्य करावी, अशी माझी उभयतांना कळकळीची विनंती आहे.