वडशात ठरतो नाटकांचा हंगाम

ब्रह्मपुरीकडून वैनगंगा ओलांडली की देसाईगंज, म्हणजेच वडसा लागतं. गडचिरोली जिल्ह्यातलं हे लहानसं बाजाराचं गाव. वर्षानुवर्षं अख्ख्या जिल्ह्याला रेल्वेचं स्टेशन होतं ते एवढंच. दिवाळीच्या आगेमागे इथल्या मुख्य रस्त्याचं रूप पालटतं. दुकानांच्या गाळ्यांवर नाट्यमंडळांचे फलक चढतात, भिंती रंगीत पोस्टरांनी भरून जातात आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतल्या गावांची माणसं तारखा घ्यायला येऊ लागतात. ४०-५० मंडळांचा कारभार या एका गावातून चालतो. होळीपर्यंत रात्रीमागून रात्री धानाच्या मोकळ्या झालेल्या बांध्यांत नाटकं होत राहतात. झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात ती हीच.

मुंबई-पुण्यात निर्माता नाटक काढतो, थिएटर घेतो आणि प्रेक्षकांची वाट पाहतो. झाडीपट्टीत प्रेक्षकच आधी पैसे मोजून नाटक बोलावतो. इथला ग्राहक म्हणजे अख्खं गाव. गावातलं एखादं तरुण मंडळ किंवा शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, समिती वर्गणी जमवते, दोन-चार जाणत्यांना घेऊन वडसा गाठते आणि मंडळाच्या गाळ्यात बसून बोलणी करते. ही माणसं गेल्या हंगामात शेजारच्या गावी नाटक बघून आलेली असतात, त्यामुळे त्यांना गुंडाळणं सोपं नसतं. नायिका कोण, विनोदी नट तोच आहे ना, लावणी किती, ऑर्गनवर कोण बसणार, अशी एकेक बाब ते विचारून घेतात. सौदा जमला की बयाणा दिला जातो आणि वहीत तारखेपुढे गावाचं नाव चढतं. मग मंडप, तिकीट, गर्दी, सारं गावाच्या अंगावर. खर्च भागून पैसा उरला तर तो देवळाला, शाळेला किंवा गावाच्या दुसऱ्या कामाला लागतो. कुठलं नाटक चालणार आणि कुठलं पेटीत जाणार, याचा निकाल समीक्षक देत नाहीत. तो या वह्यांमध्ये लागतो. माझ्या मते झाडीपट्टीच्या चिवटपणाचं मूळ या व्यवहारात आहे. अनुदानावर उभी असती तर ही रंगभूमी केव्हाच थकली असती.

मंडळाच्या मालकाचं काम जगभरातल्या एका जुन्या धंद्याशी जुळतं. ब्रिटनमध्ये १९६९ साली टोनी स्ट्रॅटन-स्मिथ यांनी करिष्मा रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली. जेनेसिस, व्हॅन डर ग्राफ जनरेटर असे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचना वाजवणारे प्रोग्रेसिव्ह रॉकचे बँड तिने सांभाळले. १९७१ च्या सुरुवातीला या दोघांना लिंडिसफार्न या तिसऱ्या बँडची जोड देऊन कंपनीने त्यांना एकत्र दौऱ्यावर पाठवलं आणि तिकीट ठेवलं अवघं सहा शिलिंग. कलावंतांचा संच बांधायचा, त्यांना गावोगाव फिरवायचं आणि सामान्य माणसाला परवडेल असा दर राखायचा, हे वडशातल्या मालकाचंही रोजचं काम. फरक एवढाच, की करिष्माच्या हाती शेवटी तबकड्या उरल्या.

झाडीपट्टीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास सांगितला जातो. त्याची मुळं दंडार आणि खडी गंमत या लोककलांत आहेत. दंडारीत गावातलीच माणसं सोंगं घ्यायची, स्त्रियांची कामंही पुरुषच करायचे. खडी गंमतीत शाहीर डफ-तुणतुण्यावर उभ्या-उभ्या रात्र जागवायचा. १८८० साली किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं, संगीत नाटकाची लाट महाराष्ट्रभर पसरली आणि पुढे या जंगलातल्या गावांनीही ऑर्गन आणि नाट्यपदं उचलली. गावातल्या हौशी पोरांनी नाटक बसवायचं आणि स्त्री-भूमिकेसाठी बाहेरून नटी आणायची, अशी बरीच वर्षं गेली. तयार संच घेऊन फिरणारी व्यावसायिक मंडळं त्यानंतरची.

नाटकाला मुहूर्त मिळतो तो बहुतेकदा शंकरपटाचा किंवा मंडई या गावजत्रेचा. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. घराघरांत पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात, चुलीवर वांग्याची भाजी आणि भाताची मोठी पातेली चढतात. याच गर्दीत सोयरिकीही जुळतात.

रात्र कशी रंगते ते तिथे बसूनच पाहावं. रंगमंचासमोरची जमीन खोदून उतरती केलेली असते, म्हणजे मागच्यालाही पुढचं दिसावं. माणसं घरून आणलेली पोती, चादरी अंथरून बसतात. कुशीत लेकरं, अंगावर शाली, थंडी मी म्हणत असते. नाटक सुरू व्हायलाच दहा-अकरा वाजतात. कडेला ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड. ऑर्गनवाल्याचं लक्ष सुरांपेक्षा नटाच्या तोंडाकडे जास्त असतं. संवाद लांबला तर तो स्वर धरून ठेवतो, नट अडखळला तर दोन सुरांत त्याला सावरून घेतो. रडक्या प्रवेशात त्याने मंद सूर लावला की बायांचे पदर डोळ्यांकडे जातात. मग विनोदी पात्र झाडीबोलीत एक वाक्य टाकतं आणि तीच माणसं खदखदून हसतात. पहिल्या एसटीची वेळ होत आली तरी कोणी उठत नाही. शहरातल्या पाहुण्याला हे नाटक भडक, लांबलेलं वाटतं. पण जागरणाला बसलेल्या हजारोंपर्यंत सूक्ष्म हालचाल पोचत नाही. मोठा आवाज, मोठा हावभाव आणि खणखणीत पद ही या जागेची गरज आहे आणि ती पेलायला जबर ताकद लागते.

परशुराम खुणे यांच्यात ती ताकद होती. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे खुणे विनोदी नट म्हणून घराघरांत पोचले. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ८०० भूमिका आणि ५००० हून अधिक प्रयोग अशी त्यांच्या कामाची नोंद झाली. लोक त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. तिकडे सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावच्या श्री व्यंकटेश नाट्य मंडळातून सदानंद बोरकरांनी वेगळी वाट धरली. शेतकऱ्याच्या आत्महत्येचा विषय त्यांनी याच प्रेक्षकांपुढे आणला. कर्ज काढून धान पेरलेल्या माणसांनी ते नाटक तिकीट काढून पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

संकटंही कमी आली नाहीत. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि नाटकाचा जुना सोबती गेला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत गावांनी पटाशिवाय हंगाम काढले. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी ऐन हंगामाच्या तोंडावर आली. सगळा व्यवहार रोखीचा, त्यात बयाणा द्यायला नोटा नाहीत. नंतर कोरोनाने रंगमंचच ओस पाडला. नट, वादक, पडदेवाले, गाडीवाले अशा कित्येक घरांची चूल या चार महिन्यांवर वर्षभर पेटते, त्यामुळे बुडालेला हंगाम थेट ताटापर्यंत जाणवतो. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने २०२२ साली या माणसांचं जगणं पडद्यावर आणलं.

एक गोष्ट मात्र मनाला सारखी टोचते. करिष्माच्या त्या बँडांचं संगीत आज कोणीही काढून ऐकू शकतो. झाडीपट्टीच्या जुन्या ऑर्गनवादकांची वाजवण्याची ढब, दंडारीतून नाटकात शिरलेल्या चाली, नटांनी रात्रीच्या गरजेप्रमाणे वाढवलेली पदं बहुतेक त्या-त्या बांधीतच विरली. आता मोबाइलवर तुकडे टिपले जातात, पण त्यात प्रेक्षकांचा गलका जास्त आणि ऑर्गन कमी. नीट ध्वनिमुद्रण करणं अवघड नाही, कारण वाजवणारे सगळे दिवाळी ते होळी वडशाच्या आसपासच असतात. एक चांगली खोली, दोन-चार चांगले माइक आणि ज्येष्ठ वादकांना त्यांच्या रात्रीच्या दराइतकं मानधन, एवढं पुरे. विद्यापीठाने करावं, सांस्कृतिक खात्याने करावं किंवा मंडळांनी मिळून करावं. पण ते येत्या हंगामात व्हावं, कारण नाट्यपदांच्या जमान्यात हात बसलेले वादक आता थोडे उरले आहेत.