जडत्व नाहींसें झालें तर?

मोटार एकाएकीं सुरू झाली म्हणजे आपण मागें रेलतों आणि अकस्मात् थांबली म्हणजे पुढें झुकतों, हा अनुभव लहानथोर सर्वांसच आहे. स्थिर पदार्थ स्थिर राहूं पाहतो व चालता पदार्थ त्याच वेगानें सरळ रेषेंत चालूं पाहतो. पदार्थाच्या या धर्मास जडत्व म्हणतात. गॅलिलिओनें त्याचा माग काढला व न्यूटननें इ. स. १६८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यास गतीच्या पहिल्या नियमाचें स्थान दिलें.

हें जडत्व काढून टाकतां आलें तर काय बहार होईल, असें एखाद्या विद्यार्थ्यास वाटेल. धांवती आगगाडी धक्का न बसतां क्षणांत उभी राहील! परंतु थोडा विचार करूं. हातोडा खिळा ठोकतो तो जडत्वाच्याच बळावर. तें गेलें कीं हातोडा खिळ्यावर नुसता टेकेल. झोंपाळा खालीं येतांच तेथेंच थांबेल. फेंकलेला चेंडू वाऱ्याची झुळूक नेईल तिकडे जाईल. चंद्र आपली आडवी गति जडत्वामुळें टिकवून आहे, म्हणूनच तो पृथ्वीवर कोसळत नाहीं. जें आपणांस अडवितें, तेंच सृष्टीस सांवरून धरितें.

बरें, हें जडत्व काढतां तरी येईल काय? अंतराळवीर तरंगतात, त्या अर्थीं त्यांचें जडत्व गेलें असावें, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. यान व प्रवासी पृथ्वीभोंवतीं एकाच गतीनें सारखे पडत असतात, म्हणून वजन भासत नाहीं, इतकेंच. तेथें तराजू निरुपयोगी ठरतो; तेव्हां प्रवाशास स्प्रिंगला जोडलेल्या आसनावर बसवून हेलकावे देतात. वस्तुमान जितकें अधिक, तितका हेलकावा मंद. अर्थात् वजन लोपलें तरी जडत्व राहतेंच. शिवाय इ. स. १९०५ मध्यें आइन्स्टाइननें दाखविलें कीं, पदार्थांतील ऊर्जेसही जडत्व असतें. तेव्हां जडत्व हा अंगरख्याप्रमाणें उतरून ठेवण्याजोगा धर्म नव्हे.

मग मनुष्याच्या हातीं काय आहे? जडत्वास थांबण्यास अवधि देणें, एवढेंच. क्रिकेटचा खेळाडू चेंडू झेलतांना हात मागें घेतो तो याचसाठीं. अवधि वाढला कीं आघात घटतो.

आतां पालकांस एक हिशेब सांगतों. मोटार तासास ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगानें जात आहे. आईच्या मांडीवर १० किलोग्रॅम वजनाचें मूल आहे. टक्कर होऊन गाडी एक दशांश सेकंदांत थांबली, तर त्या मुलास तितक्याच अवधींत थांबविण्यास सुमारें १०० किलोग्रॅम वजन पेलण्याइतका जोर लागेल. माया कितीही असो, कोणत्या मातेचे हात तें मूल धरून ठेवतील? म्हणून मुलास त्याच्या वयाजोग्या आसनांत पट्टा लावून बसवावें व आपणही पट्टा लावावा. पट्टा किंचित् ताणतो, गाडीचा पुढील भाग चेपतो, आणि तेवढा अवधि प्राण वांचवूं शकतो.

विद्यार्थ्यांनींही चालत्या गाडीच्या दारांत उभें राहतांना वा तींतून उडी टाकण्यापूर्वीं हें स्मरावें. जडत्व कोणाचीही भीड धरीत नाहीं. तें नाहींसें करण्याचीं स्वप्नें खुशाल पाहावीं. परंतु रस्त्यावर त्याचा मान राखूनच चालावें.