खजोदचा बोर्स आणि महिधरपुऱ्यातली स्कूटर

खजोदच्या सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. १७ डिसेंबर २०२३, पंतप्रधानांची उपस्थिती, पंधरा मजली नऊ मनोरे, साडेचार हजारांच्या घरात कार्यालये आणि पेंटॅगॉनपेक्षाही मोठी इमारत. त्याच सुमारास महाराष्ट्रात ‘मुंबईचा हिरेबाजार सुरतेला पळवला’ अशी ओरड चालू होती. मी सुरतेतल्या उधन्याच्या खानदेशी वस्तीत वाढलो आणि हिशेबाच्या कामानिमित्त दोन्ही शहरांतल्या हिऱ्याच्या पेढ्यांवर बरीच वर्षे वावरलो. आतले बोलणे वेगळेच होते. मुंबईत कोणालाही विचारा, ‘शेठ, तुम्ही सुरतेला जाणार का?’ उत्तर ठरलेले : ‘आधी समोरच्याला जाऊ दे.’ समोरच्या दारात जाऊन विचारले, तर तोही हेच सांगायचा. फक्त त्याचे बोट याच्याकडे असायचे.

आणि एक समोरचा खरोखरच गेला. किरण जेम्स ही या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक. तिचे वल्लभभाई लखाणी हेच तेव्हा बोर्सचे अध्यक्ष. त्यांनी मुंबईतला कारभार उचलून खजोदला आणला, कर्मचाऱ्यांसाठी सुरतेत घरांची सोय केली. दिलेला शब्द इतका पुरेपूर पाळणारा दुसरा माणूस मी या प्रकरणात पाहिला नाही. पण परदेशी गिऱ्हाईक येते ते मोजक्या दिवसांसाठी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) भारत डायमंड बोर्समध्ये ते एकदा शिरले की लिफ्टने खाली-वर करत दिवसभरात आठ-दहा पेढ्यांचा माल बघते. सीमाशुल्काचे केंद्र त्याच आवारात, म्हणजे घेतलेला माल तिथूनच रवाना. एका पेढीसाठी त्याने सुरतेची वेगळी वारी का करावी? सुरतेहून परदेशी थेट विमान म्हणजे तेव्हा शारजा, आणि उद्घाटनाच्या दिवसापासून दुबई. हाँगकाँगचा आणि अँटवर्पचा माणूस मुंबईतच उतरणार. जानेवारी २०२४ मध्ये किरण जेम्सने पुन्हा मुंबई गाठली. लखाणींनी अध्यक्षपद सोडले आणि ते गोविंदभाई ढोलकियांकडे आले. इकडे बीकेसीत, दुसऱ्याकडे बोट दाखवणारे सगळे एकमेकांना टाळी देऊन म्हणाले, ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ सांगितले कोणीच काही नव्हते.

मुंबईकर आले नाहीत, हे सगळीकडे छापून आले. सुरतकरही गेले नाहीत, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. खजोद शहराच्या पार दक्षिण टोकाला. बोर्स व्हायच्या आधी सामान्य सुरतकराला ते नाव माहीत होते ते कचरा डेपोमुळे. आणि हिरेवाल्याचा जीव जुन्या सुरतेतल्या महिधरपुऱ्याच्या गल्लीत. तिथला व्यवहार जवळून बघण्यासारखा असतो. उभ्या स्कूटरची सीट हेच टेबल. खिशातून पडीकं निघते, म्हणजे कागदाची घडी घातलेली पुडी. बाहेरून पांढरा जाडसर कागद, आत पातळ निळसर. घडी अशी की उघडताना एकही दाणा सांडत नाही. घेणारा पाठीने ऊन अडवतो, चिमट्याने एकेक दाणा उचलून आयग्लासखाली धरतो. भाव तोंडाने बोलला जात नाही, कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून यंत्र समोर सरकवले जाते. पटले नाही तर आकडा खोडून दुसरा. पटले तर माल ‘जांगड’ने जातो : पैसे नंतर, आधी फक्त एक चिठ्ठी. लाखोंचा माल त्या चिठ्ठीवर आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीवर हात बदलतो.

अशाच एका स्कूटरपाशी उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला मी विचारले, ‘काका, तिकडे एसी आहे, सुरक्षा आहे, बसायला खुर्ची आहे. मग या गर्दीत का?’ ते म्हणाले, ‘इथे चार पावलं चाललो की चार माणसं भेटतात. दुपारी एकाने नाही म्हटलं, तर चहा होईपर्यंत दुसरा घेतो. तिकडे कॉरिडॉरमध्ये कोण भेटणार? वॉचमन?’ मग खिशात हात घालून त्यांनी एक किल्ली काढून दाखवली. बोर्समध्ये त्यांचेही कार्यालय होते.

मुंबईकरांनी यावर फार खूश होऊ नये. बीकेसीतल्या बोर्सची जुळवाजुळव १९८० च्या दशकापासून चालू होती. इमारत सुरू व्हायला २०१० चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा ऑपेरा हाऊसच्या जुन्या हिरेबाजारातले, पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समधले व्यापारी जी कारणे द्यायचे, ती मी आता सुरतेच्या बाबतीत जशीच्या तशी ऐकली. घर वाळकेश्वरला, जैन देरासर जवळ, मुलांची शाळा जवळ, दलाल पायी येतो, खाऊगल्ली खाली आहे. ‘बीकेसीत संध्याकाळनंतर कुत्रंही फिरकत नाही,’ असे एका शेठने मला ठासून सांगितले होते. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी ऑपेरा हाऊसला बॉम्बस्फोट झाला. रोज भेटणारी माणसे त्या गल्लीत जिवानिशी गेली. त्यानंतर बाजार झपाट्याने बीकेसीत हलला. उद्घाटने, सवलती आणि बैठकांनी जे जमले नव्हते, ते असे झाले. बीकेसीत कुत्रेही फिरकत नाही म्हणणारे तेच शेठ आज म्हणतात, ‘बीकेसी सोडून कोण जाणार?’

सुरत म्हटले की मराठी माणसाला सुरतेच्या लुटीची १६६४ आणि १६७० ही वर्षे आठवतात, ते स्वाभाविकच. पण मुंबईने सुरतेचे जे नेले, ते तलवारीशिवाय. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले आणि व्यापारी हळूहळू मागोमाग आले. गोदी बांधायला १७३६ मध्ये जे लवजी नसरवानजी वाडिया आले, तेही सुरतेचेच. मुंबईच्या ज्या पेढ्या पळवल्या जाण्याची धास्ती आपण घेतो, त्यांच्या वंशावळीत दोन-चार पिढ्या मागे गेलात, तर बहुतेकदा गुजरातेतलेच एखादे गाव लागते.

सुरतेतला हिरेवाला पटेल तरी मूळचा सुरतेचा कुठे? दिवाळीत कारखाने बंद होतात, सौराष्ट्राकडे एसटीच्या जादा गाड्या सुटतात आणि कारखान्यांचा अख्खा वराछा भाग ओस पडतो. मुंबईला सुरतेचे आमंत्रण देणारे गोविंदभाई ढोलकिया मूळचे अमरेली जिल्ह्यातल्या दुधाळाचे. त्याच गावच्या सवजीभाई ढोलकियांनी गावाकडे तलाव बांधण्यावर मोठा खर्च केला आहे. कारागिरांचेही मन गावातच. म्हणून अमरेली, भावनगर, बोटाद भागांतही कारखाने उभे राहिले. ‘माणूस सुरतेत टिकवता टिकवता थकलो, आता घंटीच त्याच्या गावाला नेली,’ असे एक कारखानदार मला म्हणाले. घंटी म्हणजे हिऱ्याला पैलू पाडायची फिरती चकती. ‘मग त्या मालाची विक्री खजोदच्या बोर्समधून करता?’ असे विचारल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिले. आंगडिया, म्हणजे मौल्यवान माल पोचवणारा निरोप्या, यायची वेळ झाली होती. तयार पुड्या त्याच्या हाती द्यायच्या होत्या, रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवायला.