क्लच काय बाईमाणूस बघून जळतो?

‘बाईच्या हातात गाडी दिली ना, वर्षाच्या आत क्लच गेलाच म्हणून समजा!’ गाडी चालवणाऱ्या बहुतेक जणींनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणारा हसत बोलतो, सोबतचे सगळे हसतात. घरी आल्यावर मात्र गाडीची किल्ली हळूच खुंटीवरून नवऱ्याच्या खिशात जाते. दुरुस्तीचं बिल सगळ्यांना दिसतं. पण किल्लीबरोबर तिचं काय काय गेलं, याचा हिशोब कोण मांडणार?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात बचत गटांच्या कामानिमित्त माझं जाणं-येणं असतं. तिथल्या बऱ्याच जणी आता चारचाकी चालवतात. कुणी मुलांना शाळेत सोडते, कुणी सासूबाईंना दवाखान्यात नेते, कुणी पापड-मसाल्यांची खोकी घेऊन गुरुवारच्या आठवडी बाजाराला जाते. त्यातल्या एकीच्या गाडीची क्लच प्लेट 22 हजार किलोमीटरवरच जळाली. नीट वापरली तर प्लेट 80 हजार, लाखभर किलोमीटरही चालते. ‘तुला जमत नाही,’ असा निकाल घरात लगेच लागला. क्लच जातो कशानं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तसं ते समजायला अवघड नाही. एकमेकींवर ठेवलेल्या दोन ताटल्या डोळ्यांपुढे आणा. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी चाकांकडे फिरवणं पोचवते. क्लचवरून पाय काढला की दोन्ही घट्ट चिकटून एकत्र फिरतात. क्लच पूर्ण दाबला की वेगळ्या होतात. या दोन्ही वेळी झीज जवळजवळ नाहीच. झीज होते ती अधल्यामधल्या अवस्थेत, ज्याला आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो. तेव्हा ताटल्या एकमेकींवर घासतात, तापतात आणि प्लेटवरचा थर झिजत जातो. गाडी सुरू करताना क्षणभर हे होणारच. पण तीच अवस्था मिनिटामिनिटांनी वाढली तर प्लेट जळते. जळका, उग्र वास येतो तो त्याचाच.

आता गुरुवारी छावणीतून गाडी काढून बघा! गुरांचे टेम्पो, भाजीच्या हातगाड्या, मधूनच आडवी येणारी शेळी. गाडी वीतभर पुढे सरकते, पुन्हा थांबते. पाय क्लचवरून निघतच नाही. श्रावणात वेरूळला किंवा खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघालात तर दौलताबादच्या घाटात वेगळीच परीक्षा. तिथे रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो आणि दरवाजा अरुंद. गर्दीच्या दिवशी चढावर गाड्यांची रांग लागते. गाडी मागे जाईल या भीतीनं आपण हाफ क्लचवर अॅक्सिलरेटर देत तिला धरून ठेवतो. अशी दहा मिनिटं म्हणजे प्लेटचं किती आयुष्य गेलं म्हणायचं! आणि असं करणारे पुरुषही त्या रांगेत काही कमी नसतात.

मग ही सवय लागते कुठे? बहुतेकींना ड्रायव्हिंग क्लासमध्येच. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्या सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. गाडी बंद पडू नये म्हणून ते स्वतःच क्लच सांभाळतात आणि आपल्याला सांगतात, ‘मॅडम, पाय क्लचवरच ठेवा.’ सपाट रस्त्यावर काही दिवस फिरवलं की शिक्षण संपलं. खरं तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 15व्या नियमात परवान्याच्या चाचणीसाठी स्पष्ट लिहिलंय, की तीव्र चढावर गाडी थांबवून, हॅण्डब्रेकचा नीट वापर करून किंवा अॅक्सिलरेटर आणि ब्रेकच्या मदतीनं, मागे न सरकता ती पुन्हा सुरू करता आली पाहिजे. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींना हे शिकवलं गेलं?

करायला सोपं आहे. चढावर थांबलात की हॅण्डब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला घ्या, पायांना विश्रांती द्या. निघताना पहिला गिअर टाका, थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हॅण्डब्रेक सोडा. गाडी चालू लागली की डावा पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणं, हॅण्डब्रेक तसाच ठेवून चालवणं, हे क्लचचे शत्रू!

क्लच एकाएकी जात नाही, आधी सूचना देतो. अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, चढावर दम लागतो, अॅव्हरेज घटतं, पेडल अगदी वर आल्यावरच गाडी हलते. अशा वेळी लगेच दाखवून घ्या. कधी दोष चालवणाऱ्याचा नसतोही. क्लचची केबल जास्त ताणून बसवलेली असते, सील गळून प्लेटवर ऑइल आलेलं असतं. सेकंडहॅण्ड गाडी असेल तर पहिल्या मालकानं आधीच प्लेट झिजवलेली असू शकते.

म्हणून दुरुस्तीच्या वेळी स्वतः हजर राहा. गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी मोठी असते. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच तपासून घ्या. जुनी प्लेट मागून घ्या. जळून काळी पडली असेल तर ती तापली होती, तेलकट असेल तर सील बघायला सांगा. क्लच प्लेट घासून संपणारी वस्तू धरतात, त्यामुळे वॉरंटीत ती सहसा बसत नाही. गाडी घेतानाच हे विचारून ठेवा.

एका गाडीवर घरातले तिघं हात चालवत असतील तर प्लेट तिघांनीही झिजवलेली असते. दोष मात्र एकीच्याच पदरात! 1985 पासून वाळूजला बजाजची वाहनं तयार होतात. गाड्या घडवणाऱ्या या शहरातल्या बाईनं एका प्लेटपायी किल्ली खाली ठेवावी, हे काही पटत नाही. या रविवारी एखादा मोकळा चढ गाठा, घरातल्या सगळ्यांना सोबत घ्या आणि हॅण्डब्रेकवर गाडी उचलायचा सराव करा. प्रत्येकानं, आळीपाळीनं!