झाकणावरचा छोटा स्क्रू

देवबागच्या संगमाजवळ, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, आमच्या होडीचं इंजिन एकदा बंद पडलं. निघून आठ-दहा मिनिटं झाली असतील. आवाज जरासा खाली आला, धाप लागल्यासारखा दोनदा अडखळला आणि थांबला. ओहोटी लागलेली, पाणी आम्हाला समुद्राकडे ओढत होतं. होडीवाल्या काकांनी आधी नांगर टाकला आणि मग खाली वाकून पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चाचपला. तो दोन्ही बाजूंनी आत बसला होता, चोखून टाकलेल्या आंब्यासारखा. "वारो बंद रवलो," ते म्हणाले आणि टाकीच्या झाकणावरचा एक इवलासा स्क्रू त्यांनी सैल केला. सुस्स असा आवाज आला. हवा बाहेर पडली नव्हती, आत शिरली होती. फुग्याला चार दाब, दोरीला एक हिसका, आणि इंजिन पुन्हा सुरू.

तो सुस्कारा माझ्या मनातून काही केल्या जाईना. एवढं मोठं इंजिन, आणि त्याचा जीव चिमूटभर हवेत अडकलेला!

अशा होडीत पेट्रोलची टाकी खाली तळाशी असते आणि इंजिन मागच्या फळीवर, तिच्यापेक्षा उंच. म्हणजे पेट्रोलला चढावं लागतं. इंजिनाचा पंप नळीत थोडी पोकळी करतो, एवढंच. पेट्रोल वर ढकलण्याचं खरं काम करते ती आपल्या डोक्यावरची हवा. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोचा भार घेऊन ती टाकीतल्या पेट्रोलवर बसलेली असते. झाकणावरचा स्क्रू उघडा असेल तोवर जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत येते आणि हा भार कायम राहतो. स्क्रू बंद राहिला की आत अडकलेली हवा ताणली जाऊ लागते.

गंमत म्हणजे भरलेल्या टाकीत ही चूक लवकर उघडी पडते. समजा, पेट्रोलच्या वर दोन लिटर मोकळी जागा आहे. दहा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला चार-साडेचार लिटर पितं, म्हणजे सहा-सात मिनिटांत अर्धा लिटर. दोन लिटर हवेला आता अडीच लिटर जागा भरायची आहे. तिचा दाब जवळपास पाचव्या भागाने उतरतो. पेट्रोलची वाफ ती उणीव थोडीफार भरून काढते, म्हणून प्रत्यक्षात आणखी काही मिनिटं मिळतात. टाकी अर्धी रिकामी असती तर तीच चूक कितीतरी उशिरा, कदाचित खूप आत गेल्यावर कळली असती.

नळीवरच्या त्या फुग्यात दोन्ही टोकांना एकेक झडप असते. दोन्ही एकाच दिशेने उघडतात, आपल्या हृदयातल्या झडपांसारख्या. जाणकार माणूस वैद्याने नाडी पाहावी तसा हा फुगा हातात धरतो. चपटा झाला असेल तर अडथळा मागे आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली चोखनळी किंवा तिच्या तोंडाची जाळी. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल तर कुठेतरी हवा धरली आहे. नळीला चीर गेली असेल, जोड सैल असेल किंवा फुग्याचीच झडप गेली असेल. इंजिन मरायला टेकल्यावर फुगा दाबताच ते सावरत असेल, तर पंप थकला आहे किंवा नळी हवा खाते आहे. आणि फुगा घट्ट आहे, तरी प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत? मग संशय कार्बोरेटरवर.

हा पंप म्हणजे मला या सगळ्या यंत्रातला सर्वांत सुंदर तुकडा वाटतो. अनेक लहान इंजिनांत त्याला फिरवायला वेगळं काहीच नसतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर गेला की खालच्या पेटीतला दाब उतरतो, खाली आला की चढतो. त्या पेटीला एक बारीक भोक पाडून तो दाब एका पातळ पडद्यापर्यंत आणलेला असतो. पडदा आत-बाहेर होतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर हा पडदा सेकंदाला ऐंशीहून जास्त वेळा फडफडतो. इंजिन आपल्याच श्वासावर आपला घास ओढून घेतं. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी तो श्वास फुकट जातो.

कार्बोरेटरमध्ये पुन्हा पोकळीच. हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तिथून जाताना हवा वेग घेते आणि तिचा दाब उतरतो. इटलीच्या जिओव्हानी व्हेंचुरीने १७९७ मध्ये अरुंद वाटेतल्या प्रवाहांवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून त्या गळ्याला आजही त्याचंच नाव आहे. गळ्यात उघडणाऱ्या जेटमधून पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. किती? दोन सिलिंडरच्या इंजिनाचा वरचाच हिशोब पुढे नेला, तर प्रत्येक ठिणगीमागे एका थेंबाच्या सहाव्या-सातव्या भागाएवढं. मिनिटाला दहा हजार वेळा, न चुकता.

एवढं काटेकोर माप ज्या भोकावर अवलंबून आहे, ते असतं एक मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या कडेला चिकट थर बसून व्यास फक्त एक दशांशाने कमी झाला, तरी वाटेचं क्षेत्रफळ जवळपास पाचव्या भागाने घटतं. मेकॅनिक म्हणतात ना, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय", तो कचरा डोळ्यांना दिसेलच असं नाही. तो ओळखायचा इंजिनाच्या वागण्यावरून. संथ चालण्यासाठीची वाट मुख्य जेटहून बारीक, म्हणून बहुधा ती आधी तुंबते: इंजिन वेगात नीट पळतं, पण हळू केलं की मरतं. उलट हळू ठीक आणि वेग दिला की बसतं, तर मुख्य जेट पाहावं. चोक ओढून ठेवल्यावरच चालत असेल, तर ते हवेच्या मानाने उपाशी आहे. चोकने हवा कोंडून आपण फक्त त्याचं प्रमाण जमवतो आहोत. जेट साफ करताना तार मात्र घालू नये. पितळ मऊ असतं. एक ओरखडा, आणि माप कायमचं बिघडलं. क्लीनरमध्ये भिजवून हवेचा झोत मारलेला बरा.

हा थर कुठून येतो? बहुतेक वेळा पावसाळ्यातल्या विश्रांतीतून. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल त्या काळात हळूहळू उडून जातं. जे उडत नाही ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून डिंकासारखं होतं. म्हणून इंजिन ठेवून देताना त्याचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करावं, पेट्रोलची नळी काढावी आणि वाटीतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबावं.

टाकीचं दुखणं निराळं. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं. त्यातलं काही घाटावरच्या साखर कारखान्यांतून येतं. म्हणजे कोल्हापूरकडचा ऊस मालवणच्या होडीत जळतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. झाकणाच्या जुन्या वॉशरातून झिरपलेलं थोडं पाणी ते पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाण्याचा हात धरून ते पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं, नेमकं चोखनळीच्या तोंडाशी. टू-स्ट्रोकमध्ये तर हे जास्तच घातक. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल वरच राहतं, आणि खालचा थर इंजिनात गेला तर पिस्टनला वंगणच मिळत नाही. म्हणून तोच स्क्रू, जो चालताना उघडा हवा, तो ठेवणीत घट्ट बंद हवा. खरं तर टाकी रिकामी करून ठेवणंच उत्तम.

काका ऑगस्टमध्ये दोरीला हात लावण्याआधी एक काचेची बाटली घेतात. माड-पोफळीच्या सावलीत, चुलीपासून लांब, टाकी तिरकी करून तळातलं पेट्रोल तिच्यात ओततात आणि बाटली एका दगडावर उभी करून जाळं विणायला बसतात. अर्ध्या तासाने ती उजेडासमोर धरतात. काही वर्षी सगळं एकसारखं असतं. मागच्या वर्षी तळाशी बोटभर उंचीवर एक रेघ होती, केसाएवढी बारीक आणि अगदी सरळ.