रायफलीचा नेम

श्रोतेहो, नेम डोळ्याने साधतो, असे आम्हीही मानीत होतो. कोल्हापूरकडील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! नजर हवीच, पण आधी अंगाची बैठक. पवित्रा घेऊन डोळे मिटावे, मग उघडावे. नळी लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर हाताने ओढून आणू नये, पाऊल हलवावे. ताणून धरलेला स्नायू थरथरतो, हे आमच्या जालन्याच्या मोंढ्यातील हमालासही ठाऊक आहे. मग थोडा श्वास सोडून थांबावे, चाप हळूहळू दाबावा. सात-आठ सेकंदांत बार निघाला नाही, तर बंदूक खाली घ्यावी. नवशिक्यास हेच जड जाते.